पाठवलं म्हणजे पोचलं?

परवा उत्तनच्या बंदरावर एका तांडेलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. वाऱ्याचा इशारा दुपारी पावणेदोनला निघालेला. त्याच्या फोनवर तो वाजला रात्री साडेआठला, होडी रेंजमध्ये परतल्यावर. मधल्या वेळात डोल जाळं ओढताना त्याने वारा अंगावर घेतला होता. इशारा देणाऱ्यांच्या वहीत मात्र नोंद आहे, ‘पाठवला’. या शब्दावर माझा राग आहे.

म्हणून होडीवरून संकटाची हाक पाठवणाऱ्या इस्रोच्या दोन यंत्रांकडे येतो. पहिलं २०१० पासून होड्यांवर आहे. संकटात बटण दाबलं की संदेश उपग्रहावरून नियंत्रण केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे. वीस हजारांहून जास्त यंत्रं वापरात आली. पण दाबणाऱ्याला कुणी ऐकलं का, हे कळायची सोय नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या पिढीचं यंत्र आलं आणि संदेश मिळाल्याची पोच होडीवर परत येऊ लागली. बटणच दाबत राहायचं की पाणी उपसायला घ्यायचं, हे बुडत्या होडीत त्या एका उत्तरावर ठरतं. एवढ्याला चौदा वर्षं लागली.

पोचेची ही गरज जुनीच. पूर्वी मुंबईहून कोकणात मनीऑर्डर गेली की आईचा अंगठा उठलेली चिठोरी परत यायची. ती येईपर्यंत पैसे पोचले असं घरात कुणी म्हणत नसे.

पोच मागणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत पोच वाटेत हरवली तर तोच संदेश पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून प्रत्येक संदेशाला क्रमांक लागतो, नाहीतर एकच संदेश दोनदा मोजला जातो. तापमानासारखी मोजमापं पाठवणाऱ्या बिनतारी संवेदकांच्या जाळ्यात या सगळ्याला बॅटरी खर्ची पडते, म्हणून तिथे पोच टाळतात, हे खरं. बर्फाच्या गोदामातलं तापमान एकदा हुकलं तर चालेल, दहा मिनिटांनी दुसरं येईल. जिवाच्या हाकेला तो हिशेब लावू नये.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला एक लाख होड्यांवर दुतर्फी ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. चांगलं झालं. आता इशाऱ्याच्या वहीतही दुसरा रकाना हवा: कोणत्या होडीला पोचला, किती वाजता.

त्या दुपारी बाहेर किती होड्या होत्या, असं मी तांडेलाला विचारलं. त्याने मासे वाळवायच्या वलांडीकडे पाहिलं. बोंबील टांगता टांगता त्याच्या बायकोने एकेका होडीचं नाव घेतलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “अकरा. शेवटची आली तेव्हा मी घरी गेले.”