हँगर चोरीला गेला, तक्रार कुठे करायची?

बडोदा : फतेगंजमधला एक प्रस्तरारोहक मित्र सह्याद्रीत जाताना दोन-चार जादा हँगर अन् सतरा नंबरचा पाना सोबत ठेवतो. कड्यावर पोचावं तर बोल्ट जागेवर, पण त्यावरची दोर अडकवायची पट्टी गायब! नट फिरवला की ती हातात येते. उतरायच्या जागीच असं झालं तर माणूस अडकलाच.

किंमत काही शे रुपये, अन् गोम तिथेच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. पोलीस एनसी लिहून घेतात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास नाही. झिरो एफआयआर दखलपात्र गुन्ह्यांपुरताच, म्हणजे महाराष्ट्रातल्या कड्यावरची चोरी फतेगंज ठाण्यात नोंदवता येत नाही. तिथल्या ठाण्यात गेलात तरी पहिला प्रश्न येणार, वस्तू कुणाच्या ताब्यातली? जमीन अनेकदा वनखात्याची, बोल्ट ठोकणारा भलताच.

काही जण नटाबाहेरचे आटे हातोडीने ठेचून ठेवतात. चोर थांबतो खरा, पण पावसाळ्यांनी गंजलेला हँगर बदलणाराही अडतो. त्यापेक्षा रेझिनने चिकटवलेला बोल्ट बरा. त्याला नटच नाही. मात्र भोक नीट साफ करावं लागतं, रेझिन घट्ट होईपर्यंत भार देता येत नाही, खर्चही जास्त. म्हणून निदान उतरायच्या जागा तरी आधी अशा कराव्यात, आणि बोल्टांची फोटोसकट यादी क्लबांनी वनखात्याकडे द्यावी.