चौदा जागांचा हिशेब

गोल्फच्या नियमांनुसार एका फेरीत खेळाडूने चौदांहून अधिक क्लब बाळगू नयेत. क्लब म्हणजे चेंडू मारण्याची काठी. चौदांपेक्षा कमी असल्यास हरकत नाही; मात्र पंधरावा क्लब बॅगेत निघाला, तर ज्या ज्या होलवर तो सोबत होता त्या प्रत्येकासाठी दोन फटक्यांचा दंड बसतो, आणि एका फेरीत हा दंड चार फटक्यांपर्यंत जातो. यामुळे फेरीपूर्वी प्रत्येक खेळाडूला एक अंदाजपत्रक मांडावे लागते. त्यातील सर्वांत कठीण बाब असते ती लांब पल्ल्याच्या क्लबांची.

ही मर्यादा खेळाइतकी जुनी नाही. शिकागोचा हौशी खेळाडू चिक इव्हान्स याने 1916 ची अमेरिकन ओपन स्पर्धा अवघ्या सात क्लबांनिशी जिंकली. पुढे लाकडी दांड्यांची जागा पोलादी दांड्यांनी घेतली, एकसारखे संच कारखान्यांतून निघू लागले, आणि प्रत्येक फटक्यासाठी वेगळा क्लब विकत घेण्याची प्रथा पडली. काही नामवंत खेळाडू पंचवीस-तीस क्लब घेऊन मैदानात उतरू लागले. एकाच क्लबने अनेक प्रकारचे फटके मारण्याचे कौशल्य लोप पावेल आणि ओझे वाहणाऱ्या कॅडीचे हाल होतील, अशी चिंता व्यक्त होऊ लागली. अखेर 1938 मध्ये अमेरिकेत आणि 1939 मध्ये ब्रिटनमध्ये चौदांची मर्यादा लागू झाली.

आता या चौदा जागांची वाटणी पाहू. एक जागा पटरची. त्याविना ग्रीनवर चेंडू होलमध्ये घालणे अवघड. एक ड्रायव्हरची. जवळच्या उंच फटक्यांसाठी तीन वेज. पाच ते नऊ क्रमांकांची पाच आयर्न. एवढ्यात दहा जागा भरतात. ड्रायव्हर आणि पाच क्रमांकाचे आयर्न यांच्यामधील अंतरासाठी चार जागा उरतात, आणि उमेदवार असतात निदान सात : तीन, पाच व सात क्रमांकांची वुड, तीन व चार क्रमांकांचे हायब्रिड, आणि तीन व चार क्रमांकांची आयर्न. मागणी सातांची आणि तरतूद चारांची असली, की प्रत्येक उमेदवाराला त्याचे काम विचारावे लागते.

या तिन्ही जातींचे गुणधर्म वेगवेगळे आहेत. वुडचा दांडा लांब असतो. त्यामुळे डोक्याचा वेग वाढतो, पण चेंडू नेमका मध्यावर लागण्याची शाश्वती कमी होते. लांब आयर्नचे पाते पातळ असते. त्याचा चेंडू खालून जातो, वाऱ्याला दबत नाही आणि कोरड्या, कठीण जमिनीवर पुष्कळ घरंगळतो. समुद्रकाठच्या ब्रिटिश मैदानांवर म्हणूनच त्याची प्रतिष्ठा मोठी. मात्र तो चेंडू हवेत उचलण्यासाठी हातात वेग लागतो. हायब्रिडमध्ये वजन खाली आणि मागे ठेवलेले असते. चेंडू सहज वर चढतो, ग्रीनवर उतरताना अलगद थांबतो, आणि दाट गवतातूनही क्लबचे डोके अडकल्याशिवाय निघते. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर पावसाळ्यात जमीन ओली असते आणि चेंडू पडल्या जागी बसतो. तेथे घरंगळण्याच्या भरवशावर निवडलेले लांब आयर्न फारसे कामी येत नाही.

निवड करण्याची रीत सोपी आहे. तिला वही आणि थोडा संयम लागतो. सरावाच्या मैदानावर प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारावेत. चेंडू घरंगळत कोठे गेला हे न पाहता तो प्रथम जेथे टेकला ते अंतर लिहावे. सर्वोत्तम फटका मनात राहतो, परंतु हिशेबात धरायचा तो मधला फटका, कारण मैदानावर बहुतेक वेळा तोच निघतो.

समजा, साठी ओलांडलेल्या एखाद्या खेळाडूचे पाच क्रमांकाचे आयर्न 140 यार्ड जाते आणि ड्रायव्हर 200 यार्ड. मधले अंतर साठ यार्डांचे. त्यात तीन क्लब बसवले, तर 155, 170 आणि 185 अशा पंधरा-पंधरा यार्डांच्या पायऱ्या होतात. चार बसवल्यास पायरी बारा यार्डांची होते. एवढा बारीक फरक हौशी खेळाडूच्या हातून क्वचितच साधतो. म्हणजे तीन क्लब पुरेसे झाले आणि चौथी जागा मोकळी झाली. ती चौथ्या वेजला दिली, तर शंभर यार्डांच्या आतील फटके सुधारतात, आणि गुण बहुधा तेथेच वाचतात.

वही आणखी एक गोष्ट उघड करते. याच खेळाडूचे तीन क्रमांकाचे वुड 182 यार्ड आणि पाच क्रमांकाचे 178 यार्ड गेले, असे धरू. चार यार्डांसाठी दोन जागा अडल्या. त्यातही पाच क्रमांकाच्या वुडचा चेंडू उंच जातो आणि सरळ राहतो. दुकानात एकाच कामाचे दोन नग पडून असतील, तर कोणता काढावा हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. येथे मात्र हात अडखळतो. तीन क्रमांकाचे वुड महाग घेतलेले असते, आणि तीन क्रमांकाचे आयर्न तर तारुण्यातील फटक्यांची साक्ष असते. वय वाढते तसा हाताचा वेग कमी होतो आणि प्रथम लांब आयर्न रुसते. सोबत्यांसमोर ते काढून त्याजागी सात क्रमांकाचे वुड ठेवणे अनेकांना कमीपणाचे वाटते. म्हणून वर्षानुवर्षे ते बॅगेत राहते आणि प्रत्येक फेरीत दोन-तीन चेंडू झाडीत घालते.

मोठ्या खेळाडूंनी हा संकोच बाळगला नाही. 1949 च्या फेब्रुवारीत बेन होगनच्या मोटारीला बसची जबर धडक बसली. तो पुन्हा खेळेल की नाही याचीच शंका होती. पुढच्याच वर्षी मेरियन येथील अमेरिकन ओपनमध्ये त्याने लांब आयर्नला जागा मिळावी म्हणून सात क्रमांकाचे आयर्न बॅगेबाहेर ठेवले. त्या मैदानावर त्याचे काम पडत नाही, हे त्याने पाहून ठेवले होते. शेवटच्या होलवर दोनशे यार्डांहून दूर असलेल्या ग्रीनवर त्याने त्याच लांब आयर्नने चेंडू पोहोचवला, बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी तिघांच्या निर्णायक फेरीत विजेतेपद मिळवले. फिल मिकेल्सनने 2006 ची मास्टर्स स्पर्धा बॅगेत दोन ड्रायव्हर ठेवून जिंकली, आणि 2013 ची ओपन स्पर्धा म्युरफिल्डच्या कोरड्या, कठीण मैदानावर एकही ड्रायव्हर न ठेवता जिंकली. 2009 च्या पीजीए स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या यांग योंग-उन याने शेवटच्या होलवर दोनशे यार्डांवरून हायब्रिडने चेंडू ध्वजाजवळ ठेवला आणि टायगर वूड्सला मागे टाकले. ज्या क्लबला काही जण वयस्कांचे साधन म्हणून हसत, त्यानेच तो दिवस जिंकून दिला.

निर्णय अर्धवट ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण 2001 चे आहे. रॉयल लिदम येथील ओपन स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी वेल्सचा इयान वूस्नम संयुक्त आघाडीवर होता. पहिल्याच होलवर त्याचा फटका जवळजवळ थेट होलमध्ये गेला आणि त्याला बर्डी मिळाली. दुसऱ्या होलच्या टीवर कॅडीच्या ध्यानात आले, की बॅगेत पंधरा क्लब आहेत. सकाळी सरावात दोन ड्रायव्हर तपासून पाहिले होते आणि नको असलेला बाहेर काढायचा राहून गेला होता. दोन फटक्यांचा दंड झाला. दिवसअखेर वूस्नम विजेत्या डेव्हिड ड्युव्हलच्या चार फटके मागे, संयुक्त तिसऱ्या स्थानी राहिला. ते दोन फटके वाचले असते, तर दुसरे स्थान एकट्याचे ठरले असते. आणि त्या धक्क्यातून सावरण्यात पुढच्या होलवर गेलेले फटके वेगळेच.

तेव्हा निवड आदल्या दिवशी, वही समोर ठेवून पुरी करावी. नवा क्लब घेताना कोणता जुना बाहेर जाणार, हे पैसे मोजण्यापूर्वी ठरवावे. पाच फेऱ्यांत ज्याचे एकदाही काम पडले नाही, तो क्लब घरी ठेवून पाहावा. पावसाळा सुरू होताना आणि संपताना अंतरे नव्याने मोजावीत. आणि पहिल्या टीवर जाण्यापूर्वी, कॅडीने मोजले असले तरी, खेळाडूने बॅगेतील क्लब स्वतः एक ते चौदा मोजावेत. या कामाला अर्धा मिनिट पुरतो.