साडेचौदा ग्रॅमची बांगडी

‘मदर्स डे’ जवळ आला की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच चर्चा. काय मागवायचं? मोबाईलवर दोन मिनिटांत ऑर्डर जाते आणि चकचकीत कागदात गुंडाळलेली वस्तू घरपोच! त्यात वाईट काहीच नाही. पण माझं मत जरा वेगळं आहे, हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं चार वर्षांत एकदा तरी आई-वडिलांसाठी एखादी वस्तू स्वतःच्या हातानं बनवावी, ती शिकायला एखाद्या कारागिरासमोर बसावं, आणि कॉलेजनं त्यासाठी वर्कशॉपचं दार रविवारी उघडं ठेवावं.

हे मी हवेत बोलत नाहीये. गेल्या दिवाळीपासून दर रविवारी मी पेठेतल्या एका सोनारकाकांच्या दुकानात बसते आहे. कारण सरळ आहे. माझ्या पहिल्या वर्षाची फी भरताना आईच्या चार सोन्याच्या बांगड्या तारण म्हणून बँकेत गेल्या, त्या अजून तिथंच आहेत. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, वन ग्रॅम गोल्डच्या घेऊन दे, कोणाला कळतंय?’ आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘खोटंच घालायचं तर काचेचं काय वाईट?’ विषय संपला. मग आजीनं डब्यातून माझे लहानपणीचे चांदीचे वाळे आणि साखळ्या काढून दिल्या. खरी चांदी, आणि आपलीच.

आता खरी गंमत. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असूनही मला वाटत होतं, दागिना म्हणजे नाजूक काम, कला वगैरे. अहो, तिथं निम्मा सिलॅबस बसलेला आहे! काका बांगडीचं माप ‘दोन-सहा’ असं सांगतात. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश, म्हणजे आतला व्यास 60.3 मिलिमीटर. तार तीन मिलिमीटर जाडीची, तर ती किती लांब कापायची? नुसत्या आतल्या व्यासाला पायनं गुणून चालत नाही, तारेची जाडी मिळवावी लागते : 63.3 गुणिले पाय, साधारण 199 मिलिमीटर. आपण ‘न्यूट्रल ॲक्सिस’ म्हणून परीक्षेत जे लिहितो ते हेच की! घनता धरून वजन काढलं तर एका बांगडीला साडेचौदा ग्रॅम येतं. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत काकांनी तोंडी ‘पंधराच्या आत बसेल, घट वेगळी’ असं सांगून टाकलं होतं. काकांचं शिक्षण सातवी.

पहिले दोन महिने चांदीला हातही लावू दिला नाही. तांब्याची तार द्यायची, भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढायची, एकेका लहान भोकातून बारीक करत न्यायची. दोन-तीन भोकांनंतर तार ताठ होते, ऐकत नाही. मग ती तापवून मऊ करायची. इथं मला एक धक्का बसला. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे आपल्याला पाठ. तांबं आणि चांदी तापवून पाण्यात टाकली तरी मऊच राहते! पुस्तकात दोन्हीची कारणं दोन वेगळ्या प्रकरणांत होती म्हणून ती कधी समोरासमोर आली नव्हती. इथं ती बोटांना कळली. काकांच्या दुकानाचा तो कोपरा अंधारा का, हेही मग समजलं. धातूची मंद लाली भर उजेडात दिसत नाही, आणि ती दिसली नाही तर तापमान चुकतं. थर्मोकपल नाही, नजर आहे.

डाख लावणं मात्र सगळ्यात अवघड. टाकणखार लावायचा, सांध्यावर डाखाचा कण ठेवायचा आणि ज्योत कणावर न धरता सगळ्या बांगडीवर फिरवायची. डाख उष्णतेकडे धावतो. सगळी बांगडी सारखी तापली की तो क्षणात पाण्यासारखा सांध्यात शिरतो. तो क्षण बघण्यासाठी एक रविवार काय, दहा घालवावेत! मग तुरटीच्या पाण्यात उकळणं, कानस, रिठ्याच्या पाण्यानं घासणं. दोन बांगड्या झाल्या.

काका एकदा त्यांच्या वडिलांचं सांगत होते. 1963 साली सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने करायला बंदी झाली. किती सोनारांचा हातातला धंदा गेला. हा कायदा रद्द झाला 1990 साली, तोपर्यंत एक पिढी दुसऱ्या कामाला लागली होती. आता यंत्रानं पाडलेला माल येतो. काकांच्या मुलानं हे काम शिकलेलं नाही. काकाही त्याला ‘शीक’ म्हणत नाहीत. आणि मला यात काही बोलण्याचा अधिकार आहे असंही वाटत नाही, मी स्वतः प्लेसमेंटच्याच रांगेत उभी आहे.

मित्र म्हणतात, तेवढ्या वेळात ॲप्टिट्यूडचे किती पेपर सोडवून झाले असते! झाले असते, खरंच. काहींना वाटतं, दागिने करणं हा मुलींचा छंद. त्यांनी पेठेत एक चक्कर मारावी, ऐरणीवर बसलेले सगळे पुरुष दिसतील. आणि वर्कशॉपमध्ये आपण करतो तो ‘जॉब’? सीनियरचा घासूनपुसून सबमिट करायचा, सही घ्यायची, तो भंगारात. ज्या वस्तूची कोणी वाट बघत नाही तिचा सांधा कसा आहे, याची फिकीर कोण करणार?

बांगड्या मी संक्रांतीला घरी नेल्या. आईनं घातल्या, सांध्यावरून नख फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘त्या माणसाला मजुरी दिलीस का?’ काका घेत नव्हते. आईनं तिळगुळाबरोबर पाकीट पाठवलं, ते मात्र घेतलं. सोन्याच्या बांगड्या अजून बँकेत आहेत आणि या दोन बांगड्यांनी त्या सुटणार नाहीत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

तर वर्कशॉपच्या सरांकडे एक अर्ज द्यायचा आहे : महिन्यातून दोन रविवार शॉप उघडं, आणि कारागिराला रीतसर मानधन देऊन बोलावणं. सुतार, लोहार, सोनार, कोणीही. टॉर्च, व्हाइस आणि कानशी आपल्याकडे आहेतच. सह्यांची वही लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसबाहेर टेबलावर ठेवली आहे. आतापर्यंत तेवीस सह्या झाल्यात, त्यातल्या पंधरा मुलांच्या आहेत.