विष्णूचे चार हात

दहावीतली माझी पुतणी परवा वही घेऊन आली तेव्हा रडवेली झाली होती. ‘काका, संभाव्यता मला कधी जमायचीच नाही.’ दोन नाणी फेकली तर एक छापा आणि एक काटा पडण्याची शक्यता तिने एक तृतीयांश लिहिली होती. दोन्ही छापे, दोन्ही काटे किंवा एकेक, असे तीनच प्रकार, हा तिचा हिशेब.

मी रागावलो नाही. 1754 साली फ्रेंच विश्वकोशात दालांबेरसारख्या गणितज्ञानेही सारख्या नसलेल्या शक्यता सारख्या धरण्याची हीच चूक छापली होती! एक रुपया आणि एक पाचाचे नाणे घेऊन आम्ही जमिनीवर बसलो. रुपयाचा छापा नि पाचाचा काटा एक ओळ. रुपयाचा काटा नि पाचाचा छापा दुसरी. लिहितानाच तिला उमगले. चारांपैकी दोन, म्हणजे निम्मे.

आपल्याकडे सूत्र आधी घोकवतात; मोजायला नंतर शिकवतात, बहुधा कधीच नाही. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या ‘लीलावती’त शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंची अदलाबदल विचारली आहे. उत्तर 36,28,800! पण त्याच उदाहरणात विष्णूचे शंख, चक्र, गदा, पद्मही आहेत. त्यांच्या मांडण्या अवघ्या 24. तेवढ्या मी तिला लिहायला लावल्या. अठरापाशी ती अडली; दोन मांडण्या पुन्हा आल्या होत्या. सगळे खोडून ती म्हणाली, ‘काका, पहिल्या हातात शंखच ठेवला, तर बाकीच्यांच्या सहाच होतात की!’

सूत्र मी अजून तिला सांगितलेले नाही.