कडा कापू नका!

आपल्याकडे केकचे कौतुक होते ते वरून. आयसिंगची फुले किती, नाव नीट काढले आहे की नाही, एवढेच लोक पाहतात. पाककला-स्पर्धांतही परीक्षक नक्षीवर नजर टाकून पुढच्या बशीकडे वळतात. माझे मत असे की, स्पंज केक कसा जमला हे त्याच्या बाजूंवरून ओळखावे.

बाजू सरळ आल्या नाहीत की बहुतेक जण सुरी हाती घेतात. कडा छाटल्या, वरून क्रीम थापले, झाकले गेले. पण 18 सें.मी. व्यासाच्या केकची कड चहूकडून 1 सें.मी. कापली, तर पाचव्या हिश्शाहून अधिक केक गेला! (गणिताच्या विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.) घरी केक करून विकणाऱ्या गृहिणींना हा हिशेब परवडेल काय?

दोष बहुधा तुपाचा असतो. घावनाच्या तव्याला तेल, वड्यांच्या ताटाला तूप, म्हणून केकच्या भांड्यालाही आतून सढळ हाताने तूप चोपडायचे, ही आपली सवय. लोण्याच्या केकला ते चालते. बिनलोण्याच्या स्पंजचे तसे नाही. 4 अंडी, 120 ग्रॅम साखर, 120 ग्रॅम मैदा, एवढ्यावर तो उभा राहतो. त्याला फुगवते ती फेटलेल्या अंड्यांत कोंडलेली हवा. हा फेस तापला की भांड्याच्या भिंतीला धरून वर चढतो. तूप लावलेल्या खांबावर कोण चढणार? तो घसरतो, निवताना भिंत सोडून आत ओढला जातो, आणि कंबर बारीक झालेला केक बाहेर येतो. म्हणून कागद फक्त तळाला घालावा, बाजू कोरड्या ठेवाव्यात. निवल्यावर पातळ सुरी भिंतीलगत एकदा गोल फिरवली की केक सुटतो. अमेरिकेतल्या एंजल फूड केकच्या भांड्याला तर तूप मुळीच लावत नाहीत. शिवाय केक खाली बसू नये म्हणून भाजल्यावर ते भांडे उलटे करून निववतात.

भांडेही पारखून घ्यावे. बाजारातली बरीच ॲल्युमिनियमची भांडी एकात एक बसावीत म्हणून तोंडाशी पसरट केलेली असतात. त्यांतून सरळ केक कसा निघावा? विकत घेताना तळाचा व तोंडाचा व्यास पट्टीने मोजावा. दुकानदार हसला तर हसू द्या.

राहता राहिली आच. ती जोराची असली की भिंतीलगतचे मिश्रण आधी घट्ट होते, मधले मागून फुगते, आणि केकचा घुमट होतो. ओव्हन सुमारे 160 अंश सेल्सियसवर ठेवावा, किंवा भांड्याभोवती ओल्या कापडाची जाड पट्टी गुंडाळावी. वाळूच्या कुकरमध्ये भाजणाऱ्यांनी पट्टीच्या भानगडीत न पडता आच बारीक ठेवावी, हे बरे.

पुढच्या स्पर्धेत परीक्षकांनी बिनआयसिंगचा केकही मागवावा, अशी माझी सूचना आहे. नुसता, बशीत ठेवलेला. शेजारी पट्टी ठेवली तरी हरकत नाही. आयसिंगवाल्या मैत्रिणी रागावतील खऱ्या. त्यांना वेगळे बक्षीस द्या!