भाईवर हसायचं कधी?

एक साधा प्रश्न. 'मुळशी पॅटर्न'मधला सखा पाटील तुम्ही कुणाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला पाहिलाय का?

मी नाही पाहिला. राहुल्या रोज दिसतो. ओम भुतकरची ती चाल, ती नजर, मागे आदर्श शिंदेच्या आवाजातलं 'आरारारा'. सिनेमा २३ नोव्हेंबर २०१८ला आला, पण आमच्या शेलू स्टेशनबाहेर तो अजून उतरलेला नाही. कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर चालूच असतो. फक्त अर्धा. ज्या अर्ध्यात मोहन जोशींचा सखा पाटील आहे, जमीन विकून पैसा उडालेला, आधी वॉचमन आणि मग पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करणारा, तो अर्धा कुणी कापून रील बनवत नाही.

प्रवीण तरडेंनी सिनेमा जमिनीवर लिहिला होता. गुंड हा त्याचा परिणाम होता. आपण परिणामाला टाळ्या दिल्या आणि कारण थिएटरात सोडून आलो. तीन वर्षांनी, २०२१ला, महेश मांजरेकरांनी त्याचा हिंदीत 'अंतिम' केला. तिथे सलमान खान पोलीस अधिकारी, म्हणजे सगळं वजन आपोआप त्या पोलिसाकडे गेलं. बाप आणखी बाजूला सरकला.

(जाता जाता. मुळशी म्हटलं की जुन्या पिढीला टाटांच्या धरणाविरुद्धचा १९२१चा सत्याग्रह आठवायचा, सेनापती बापट आठवायचे. त्याच काळात, १९२२ला, आमच्याच तालुक्यात भिवपुरीला टाटांचं वीजघर सुरू झालं. आता मुळशीपुढे 'पॅटर्न' हाच शब्द येतो.)

हे मी शेलूत बसून का लिहितोय? तर वांगणी सोडली की ठाणे जिल्हा संपतो आणि रायगडातलं पहिलं स्टेशन आमचं. ज्यांना डोंबिवली परवडली नाही, मग बदलापूरही परवडलं नाही, ते इथे फ्लॅट बघायला येतात. त्यांचं काही चुकत नाही, माणसाला छप्पर लागतंच. पण ते छप्पर ज्या भाताच्या खाचरावर उभं राहतं, ते खाचर कुणाचं तरी होतं. आमच्याकडे 'गुंठामंत्री' हा शब्द आधी चेष्टेनं आला, मग चिकटला. पैसे आले, बंगला झाला, लग्न दणक्यात झालं, काळ्या काचांची गाडी आली. मग पैसे संपले. आणि पोराला शेती येत नाही, कारण शेतीच नाही.

त्या पोरासमोर काय उरतं? बाजूच्या साइटवर रेती, खडी, विटा कोण टाकणार, जेसीबी कुणाचा लागणार, पाण्याचे टँकर कुणाचे. धंदा वाईट नाही, घाम गाळून करणारे खूप आहेत आणि त्यांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण ऑर्डर मिळवायला पाठीशी 'ग्रुप' लागतो, ग्रुपला भाई लागतो, भाईला फ्लेक्स लागतो. आणि फ्लेक्सवर कसं उभं राहायचं ते सिनेमानं शिकवलेलं असतं.

मग यावर 'असले सिनेमे बंद करा' हा नेहमीचा उपाय येतो. मला तो बिलकूल पटत नाही. मला वाटतं, आपण भाईवर पुरेसे हसलेलो नाही.

१९९८ साल घ्या. त्या वर्षी आपल्याकडे 'सत्या' आला. त्याच वर्षी इंग्लंडात गाय रिचीचा 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' आला. दोन्हीत गुंड, दोन्हीत बंदुका, दोन्ही आपापल्या देशात गाजले. 'सत्या'मध्ये आपण भिकू म्हात्रेच्या प्रेमात पडलो, तो गेला तेव्हा हळहळलो. पुढच्या वर्षी 'वास्तव'मधला रघू आला, पावभाजीच्या गाडीवरून गोळीपर्यंत पोचलेला. आई त्याला स्वतःच्या हातानं गोळी घालते आणि थिएटर रडतं. सिनेमे दोन्ही उत्तम. पण ज्याच्या मरणाला एवढं रडू येतं, तो मोठाच होतो ना? पोरांनी काय उचललं? पन्नास तोळ्यांची चेन.

आता रिचीचं बघा. चार दोस्त. पैसे जमवून एकाला पत्त्याच्या डावाला बसवतात. डावात लबाडी होते आणि पोरगा पाच लाख पौंडांच्या कर्जात जातो. मुदत एक आठवडा. नाहीतर बोटं कापणार, आणि बापाचा बार जाणार. बापाचा बार! म्हणजे तिथेही मुळात प्रश्न बापाच्या मालमत्तेचाच आहे. हे चौघे मग शेजारच्या घरातल्या चोरांचा बेत पातळ भिंतीतून ऐकतात आणि त्या चोरांनाच लुटायचं ठरवतात. पुढे जो तो दुसऱ्याला लुटायला निघतो, कुणाला पत्ता नसतो की कुणाचा माल कुणाकडे आहे. सगळ्यात किमती चीज म्हणजे दोन जुन्या बंदुका, आणि शेवटी त्यांची खरी किंमत कळते तेव्हा एक जण त्या नदीत टाकायला पुलावर लटकलेला असतो.

कपडे झकास, बोलणं फर्डं, गाणी मस्त. स्टाईल भरपूर आहे. पण एकही गुंड हुशार नाही. माणसं मरतात ती नियतीमुळे नाही, मूर्खपणामुळे. बघणारा हसतो आणि हसता हसता भाई लहान होतो.

तिकडेही सगळं आलबेल नव्हतं. नुसती स्टाईल आहे, गुंडगिरीला गोंडस केलंय, असं म्हणणारे समीक्षक होतेच. नंतर तसल्याच सिनेमांची रांग लागली, बहुतेक टाकाऊ. तेव्हा विनोद ही काही लस नाही, एकदा टोचली की रोग संपला. फरक एवढाच की त्या सिनेमातून बाहेर पडल्यावर कुणाला त्या चौघांच्या जागी असावंसं वाटत नाही.

कुणी म्हणेल, जमीन गेलेल्या माणसावर कसला विनोद करता? बरोबर आहे. सखा पाटलावर हसायचंच नाही. हसायचं फ्लेक्सवर. आणि त्याचं साहित्य आपल्याकडे तयार आहे राव. वर्षात एकच वाढदिवस असतो, पण केक तीन चौकांत. तलवार शोभेची, तिनं केकही धड कापला जात नाही. गळ्यातली चेन गोल्ड लोनला, फोटोपुरती सोडवून आणलेली. व्हिडिओ व्हायरल झाला की चौथ्या दिवशी तोच भाई हात जोडून माफी मागताना दिसतो, 'कुणी असं करू नका' म्हणत. फेब्रुवारी २०२४मध्ये पुण्यात पोलीस आयुक्तालयात गुंडांची ओळखपरेड झाली, रील टाकू नका म्हणून तंबी दिली. दहशत बसवणाऱ्या माणसाला 'रील टाकू नको' सांगावं लागतं, यापेक्षा मोठा विनोद रिचीला तरी सुचला असता का?

आपल्याला हसता येत नाही असंही नाही. मकरंद अनासपुरेच्या 'जाऊ तिथे खाऊ'मध्ये विहीर चोरीला जाते. आजही गावात सरकारी कामाचा घोळ निघाला की कुणीतरी त्या विहिरीची आठवण काढतोच. म्हणजे तिथे लोकांनी विषय घरी नेला, साहेबाची स्टाईल नाही. 'मुळशी'चं नेमकं उलटं झालं. दोष तरडेंचा कमी, आपला जास्त. पण पुढचा सिनेमा करणाऱ्यानं हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

आणि तो कर्जत-खालापूरात करा. शूटिंगला इथे बाहेरचे येतात, डोंगर, पाऊस, फार्महाऊस टिपतात आणि जातात. फार्महाऊसच्या कुंपणाबाहेरची गोष्ट कुणी घेत नाही.

सुरुवात मी देतो. बाप साठेखतावर सही करायला कर्जतला निघालाय, लोकल वीस मिनिटं लेट आहे. इकडे पोरानं त्या पैशांवर गाडी बुक करून टाकलीय, गाडीच्या पुढे उभं राहून फोटोही काढलाय. आणि ज्या गटाची जमीन विकायची, त्याच्या सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव अजून आहे. पुढचं कमेंटमध्ये लिहा.