बोधचिन्ह स्वदेशी, बॅटरी कोणाची?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटी मुंबईकरांना ठाऊक असते ती पावसाळ्यातील धबधब्यामुळे आणि बारमाही वाहतूक कोंडीमुळे. परंतु भारतीय मोटार उद्योगाची पुढची लढाई समजून घ्यायची असेल, तर या फाट्यावरून निघणाऱ्या दोन वाटांकडे पाहावे. महामार्गाने उत्तरेस गेले की गुजरातेत हलोलला एमजी, साणंदला टाटा आणि हंसलपूरला सुझुकी. उजवीकडे कामणवरून भिवंडी गाठून पुढे पुण्याकडे वळले की चाकणला महिंद्र, तळेगावला ह्युंदाई, पिंपरीला पुन्हा टाटा. हे सारे आता विजेच्या मोटारींच्या रणांगणात उतरले आहेत वा उतरत आहेत.

या रणात जिंकणार कोण, याची चर्चा वृत्तपत्रांतून चालते ती किंमत, एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर आणि पडद्याचा आकार यांभोवती. जणू स्पर्धा बोधचिन्हांचीच आहे! हा समज मुळातच भ्रामक आहे. विजेच्या मोटारीचा सर्वांत महागडा भाग म्हणजे बॅटरी, आणि बॅटरीचा प्राण म्हणजे तिच्यातील सेल. ज्याच्या हाती सेल, त्याच्या हाती बाजार.

जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन थाटामाटात उघडले. बोधचिन्ह अमेरिकेचे, विक्रीस आलेली गाडी मात्र शांघायच्या कारखान्यातली. एमजी हे नाव इंग्लंडचे, मूळ कंपनी चीनची सरकारी सायक, आणि भागीदार आपले जिंदाल. पण केवळ परक्यांच्या नावाने बोटे मोडून आपली सुटका होणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने सादर केलेल्या आणि चाकणला तयार होणाऱ्या मोटारींचा मराठी माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांच्या बॅटरीतील सेल चीनच्या बीवायडीचे आहेत. याच बीवायडीच्या भारतातील मोठ्या गुंतवणुकीच्या प्रस्तावाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली नव्हती. पुढच्या दाराने नाकारलेला पाहुणा मागच्या दाराने आत आला, आणि आपणच त्याला पाट मांडून दिला!

हे आपल्या बाबतीत प्रथमच घडते आहे काय? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारली, ती स्वदेशी मोटारीच्या ध्यासातून. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला ‘पद्मिनी’ असे चितोडच्या राणीचे नाव मिळाले. नाव आपले झाले, इंजिन मात्र इटलीचेच राहिले. आयात करांच्या तटबंदीआड तेच इंजिन वर्षानुवर्षे विकले गेले. संशोधनाची निकड कोणालाच भासली नाही. तटबंदी ढासळताच कारखानाही ढासळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा आपण हळहळलो. धडा मात्र घेतला नाही. नुसती करांची भिंत म्हणजे स्वदेशी नव्हे.

मुक्त बाजाराचे आपले अर्थपंडित म्हणतील, ‘जिथे स्वस्त मिळते तिथून घ्यावे, त्यात बिघडले काय?’ काय बिघडते, ते एप्रिल २०२५ मध्ये दिसले. चीनने दुर्मीळ मृदा खनिजांच्या व चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच आकुर्डीच्या बजाज ऑटोला विजेवरच्या चेतकचे उत्पादन घटवावे लागले. तळहातावर मावणाऱ्या चुंबकाने एका बलाढ्य उद्योगाची चाके मंदावली. उद्या हेच सेलच्या बाबतीत झाले तर?

खंत अशी की या शर्यतीत आपण मागून आलेलो नाही. बंगळुरूची रेवा ही विजेची छोटी मोटार २००१ मध्येच बाजारात आली होती, लंडनच्या रस्त्यांवरही धावत होती. तेव्हा बीवायडी केवळ बॅटऱ्या बनवत होती. मोटारींच्या धंद्यात ती उतरली २००३ मध्ये. त्यांनी आधी सेल साधला, मग मोटार. आपण मोटार केली आणि सेलकडे पाठ फिरवली. मे २०२१ मध्ये केंद्राने ५० गिगावॉट-तास क्षमतेच्या सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटींची योजना मंजूर केली. लक्ष्य स्तुत्यच होते; पण चार वर्षे उलटूनही त्याचा फार थोडा अंश प्रत्यक्षात उतरला. हा दोष ज्यांनी सवलतीची आश्वासने पदरात पाडून घेतली, त्या उद्योगपतींचाही आहे.

याची झळ कोणाला बसणार? चिंचोटीजवळच्या वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांकडे पाहावे. विजेच्या मोटारीला पिस्टन लागत नाही, व्हॉल्व्ह लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. असे सुटे भाग लेथवर कातणाऱ्या लघुउद्योजकाचे जुने काम जाईल आणि सेल परदेशातूनच येत राहिले, तर नवे काम त्याच्या दारी येणार नाही. बोधचिन्ह टाटांचे असो वा टेस्लाचे, त्याच्या गाळ्याचे शटर खालीच राहील.

म्हणून काही गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी मिळते, ती हिरवी पाटी पाहून. अशा सवलतींचे माप यापुढे देशी मूल्यवर्धनावर ठरावे. सेल कोणत्या देशाचा, हे प्रत्येक मोटारीवर ठळकपणे छापणे सक्तीचे व्हावे. आणि गाळेवाल्याला नवे यंत्र, नवे कौशल्य मिळावे यासाठी औद्योगिक वसाहतींतच प्रशिक्षणाची सोय व्हावी.

ग्राहकाचेही कर्तव्य आहेच. दालनात शिरल्यावर आपण रंग विचारतो, किंमत विचारतो, हप्ता विचारतो. यापुढे एक प्रश्न अधिक विचारावा : ‘हिच्यातला सेल कुठला?’ हा प्रश्न लाखो ग्राहक विचारू लागले, की उत्तर बदलणे कंपन्यांना भागच पडेल.